फणीला दिसतं ते

६ जानेवारी, सोमवार

पत्रकातली पहिली सूचना : सरावाची रोज नोंद ठेवा. म्हणून ही वही. बायको शाळेच्या ग्रंथालयात काम करते, तिनं आणून दिली. आत रेघा नाहीत. शाळेत निबंधाला मला दहापैकी चारच्या वर कधी पडले नाहीत, तेव्हा वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. वाचणारं कुणी नाही, हे उत्तमच.

हे खूळ सुरू कसं झालं ते आधी लिहितो. गेल्या आठवड्यात पोस्टमास्तर माझ्या खुर्चीत होते, गळ्याला कापड, मान खाली. माझ्या हातून कात्री सटकली आणि फरशीवर खणकन पडली. फणी बाहेर पायरीवर झोपली होती. सलूनचं अर्धं दार माझ्या कमरेच्या वर येतं. तिनं धाव घेतली नाही की काही नाही. होती तिथून उठली, दारावरून आत आली, भरलेला पेला ठेवावा इतक्या अलगद उतरली, कात्री हुंगली आणि परत दारावरून बाहेर जाऊन झोपली.

मास्तर आरशातूनच म्हणाले, "हे मी खरंच पाहिलं ना?"

"पाहिलंत."

"मग हिला पायरीवर कसली झोपवताय तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी ते जनावरांच्या दवाखान्यातून हे पत्रक घेऊन आले. कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत, एप्रिलमध्ये. कुठल्याही जातीचं कुत्रं चालतं, बिनजातीचंही. उडीचे दांडे, बोगदे, ओळीनं रोवलेल्या बारा काठ्यांमधून नागमोडी जायचं, झुलत्या फळीवरून उतरायचं. क्रम चुकला की बाद. मालकानं बरोबर धावायचं आणि वाट दाखवायची, पण कुत्र्याला हात लावायचा नाही.

फणी दोन वर्षांपूर्वी दुकानासमोर आली तेव्हा तिच्या फासळ्या फणीच्या दातांसारख्या मोजता येत होत्या. त्यावरून नाव. एक कान उभा, एक दुमडलेला.

दुसरी सूचना : आठवड्यातून किमान दोनदा अधिकृत मैदानावर सराव करावा. मैदान इथून चार तासांवर आहे. आमच्याकडे गच्ची आहे.

१३ जानेवारी, सोमवार

आजची सुट्टी सामान जमवण्यात गेली. उडीचा दांडा म्हणजे दोन स्टुलांवर झाडूची काठी. बारा काठ्या म्हणजे शाम्पूचे रिकामे डबे वाळूनं भरून त्यात खोचलेले पाइप. झुलती फळी म्हणजे दुकानातलं जुनं बाकडं, पाय काढलेलं, खाली विटा. बोगद्यासाठी खुर्च्यांवर पलंगपोस घातला. रस्त्याच्या कडेला गटारासाठी आणलेले सिमेंटचे पाइप पडलेत, खरा बोगदा तिथे, सकाळी रहदारी सुरू होण्याआधी. जमीन टणक म्हणून सगळीकडे जुने गालिचे.

हिनं गच्चीवर येऊन एक फेरी मारली आणि म्हणाली, "घर सोडून चाललोय आपण की घर बांधतोय?"

२२ जानेवारी

आज जे झालं ते नीट लिहायला हवं.

मी फणीला शब्द शिकवत होतो. "उडी" म्हटलं की दांडा, "आत" म्हटलं की बोगदा. आठवडाभरात छान यायला लागलं होतं आणि माझी मास्तरांकडे फुशारकीही मारून झाली होती. आज चुकून मी दांड्याकडे वळलो आणि तोंडानं "आत" म्हणालो. ती दांड्यावरून गेली. वाटलं, ऐकलं नसेल. मुद्दाम परत केलं. बोगद्याकडे वळून "उडी" म्हणालो. ती बोगद्यात.

मग मी तोंड बंद केलं. हात खिशात घातले. उभं राहून नुसता डावा खांदा इंचभर पुढे केला. इंचभरच. ती उठली, वळली आणि डावीकडचा दांडा ओलांडून आली.

माझ्या बोलण्याला काडीची किंमत नव्हती. आठ दिवस मी बडबडत होतो आणि ती माझा खांदा वाचत होती. माणसाच्या अंगावर इतकं लिहिलेलं असतं हे मला एक्कावन्नाव्या वर्षी एका कुत्रीनं सांगितलं. मी माणसांच्या डोक्यांवर आयुष्य काढलंय. कुणाच्या मानेला कुठे कळ आहे हे मला हात लावला की कळतं असं मी म्हणत आलो. पण हात लावून. ती दहा फुटांवरून वाचते.

संध्याकाळभर मला कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. दुःखानं नव्हे. देवळातून आल्यावर माणूस गप्प असतो तसं.

३ फेब्रुवारी, सोमवार

फणी माझ्या डाव्या हाताला असली की घड्याळासारखी चालते. उजव्या हाताला आली की बिघडते. वळ म्हणून दाखवावं तर सरळ पळत जाते. आज अकरा वेळा केलं, आठ वेळा सरळ. हट्टीपणा दुसरं काय.

हिनं वाणसामानाची यादी माझ्यासमोर धरली. "अहो, हे काय लिहिलंय? मुंग्यांची रांग लागल्यासारखं." पेनाचं टोक बारीक आहे म्हटलं. पेन बदललं पाहिजे.

११ फेब्रुवारी

मास्तर केस कापताना म्हणाले, "आज कात्री दमलीय का तुमची?" माझी कात्री केसात नसली तरी हवेत चालू असते, कच कच कच. सगळ्या कारागिरांची असते, त्याशिवाय हाताला लय राहत नाही. ती म्हणे मधेच थांबते आणि पुन्हा निघते. नवी कात्री आहे, बिजागरी आवळ आहे. तेल घातलं.

१९ फेब्रुवारी

उजव्या बाजूचं रडगाणं चालूच. खिशात उकडलेलं अंडं ठेवून पाहिलं, उजव्या खिशात. अंडं खाल्लं आणि सरळ गेली.

वर एक नवीनच. तिला चूक दाखवायला मी तिच्याकडे बघितलं तर तिनं कान पाडले आणि जमिनीला चिकटली. मी रागावलो नव्हतो. शपथ. हिला विचारलं तर म्हणते, "तुम्ही हल्ली रागावल्यासारखेच दिसता. मीही दोनदा विचारणार होते, माझं काही चुकलं का म्हणून."

काय करणार. तोंड देवानं दिलंय तसं आहे.

दुपारी गॅसवर दूध ठेवून बाजूलाच वर्तमानपत्र वाचत बसलो होतो. ही बाहेरून आली तेव्हा घरभर करपलेला वास भरला होता म्हणे. मला काही आला नाही. इतका का वाचनात बुडालो होतो? बातम्या तर सगळ्या शिळ्याच होत्या.

२४ फेब्रुवारी, सोमवार

वाईट दिवस. लिहून टाकतो म्हणजे सुटेन.

सकाळभर फणीनं उजवीकडची एक फेरी धड केली नाही. मी वैतागून खाली बसलो. ही कपडे वाळत घालायला आली होती. बादली ठेवली आणि म्हणाली, "मी बघू?"

तिच्या पायात घरातल्या सपाता, खांद्यावर ओला टॉवेल. अडथळ्यांचा क्रमसुद्धा मी ओरडून सांगत होतो. फणी तिच्या डाव्या बाजूनं गेली, उजव्या बाजूनं गेली, उजवीकडे वळून बोगद्यात, बोगद्यातून काठ्यांत, एक चूक नाही. ही धापा टाकत हसत होती. फणी तिच्याभोवती उड्या मारत होती.

"बघा, येतं की तिला," ही म्हणाली.

मी बादली उचलून खाली आलो. रोज जेवायला ही घालते, लाड ही करते. कुत्रं शेवटी पोटाच्या मागे जातं. मी मूर्ख.

५ मार्च

आठ-नऊ दिवस वही उघडली नाही. गच्चीवरही गेलो नाही. फणी रोज सकाळी जिन्याच्या दाराशी बसते आणि माझ्याकडे बघते. आज गेलो. मुकाट्यानं सराव केला.

१७ मार्च, सोमवार

झुलती फळी जमली. तिला फळी जमिनीवर आपटल्याचा आवाज सहन होत नव्हता, पाय ठेवताच पळायची. तोड हिनं काढली. महिनाभर फणीचं जेवण वाढताना ही आधी पातेल्यावर झाकण टाकायची, रोज थोडं वरून. पहिल्या दिवशी फणी कपाटामागे. आज झाकण कमरेच्या उंचीवरून पडलं आणि फणीनं शेपूट हलवली. दुपारी फळीच्या मध्यावर उभी राहिली, दुसरं टोक खाली येईपर्यंत थांबली, फळी आपटली, आणि तिनं माझ्याकडे बघितलं, एखाद्यानं सही करून कागद पुढे सरकवावा तसं.

भीती अशी इंचाइंचानं जाते हे मला माहीत नव्हतं. माझ्या भीतींना कुणी झाकण वाजवलं नाही.

उजव्या बाजूला मात्र अजून दहातून सहा चुका. स्पर्धेत जमेल तेवढं तिला डाव्या हाताला ठेवीन.

१३ एप्रिल, रविवार

मास्तरांच्या जुन्या गाडीतून गेलो. मागच्या सीटवर ही आणि तिच्या मांडीवर फणीचं डोकं.

मैदान मी बघतच राहिलो. खरे दांडे, रंगवलेले. खरा बोगदा, कापडी, वळणारा. आम्ही जे शाम्पूच्या डब्यांतून आणि पलंगपोसातून उभं केलं होतं ते सगळं इथे जसं असायला हवं तसं उभं होतं. आणि कुत्री. एक पांढरं कुत्रं काठ्यांमधून गेलं ते पाण्यासारखं. त्याचा मालक म्हातारा होता, जवळजवळ चालतच होता, आणि कुत्रं त्याच्याभोवती दोरी बांधल्यासारखं फिरत होतं. मी हिचा हात धरला. ती म्हणाली, "रडताय की काय?" नव्हतो. पण विचारलं ते बरं केलं.

आमची पाळी. पहिले सात अडथळे फणी डाव्या हाताला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आठव्याला मैदान असं वळत होतं की तिला उजव्या हाताला घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं. उजवीकडे दांडा, समोर बोगदा. मी दाखवलं. ती बोगद्यात गेली. शिट्टी. बाद.

ती बोगद्यातून बाहेर आली ती इतक्या आनंदात की तिला वाटत होतं सगळं बरोबर केलं.

नंतर पंच बाई आमच्याकडे आल्या. साठीच्या पुढच्या, बसका आवाज, गळ्यात शिट्टी. मला वाटलं समजूत घालतील. त्या म्हणाल्या, "त्या फाटकापर्यंत चालत जा आणि परत या."

"कशाला?"

"जाऊन तर या."

गेलो, आलो. त्यांनी विचारलं, "उजव्या हाताला कधी मार लागला होता?"

"नाही."

"मग तो हलत का नाही? चालताना तुमचा डावा हात हलतो, उजवा लोंबतो. तिला उजवीकडे वळ म्हणून तुम्ही काही सांगितलंच नाहीत. ती चुकली नाही." आणि मग आवाज खाली आणून हिला म्हणाल्या, "यांना डॉक्टरांकडे न्या. मेंदूच्या. टाळू नका."

गाडीत मी स्वतःला सांगत आलो. हरलेल्या सगळ्यांनाच ती बाई काहीतरी सांगत असेल. सगळ्यांना दवाखान्यात पाठवत असेल.

१४ एप्रिल, सोमवार

सलून बंद होतं तरी सकाळी गेलो. दार आतून लावलं. आमच्याकडे दोन्ही भिंतींना आरसे आहेत, समोरासमोर. त्या दोन्हींमधून मी चाललो. खुर्चीपासून दारापर्यंत, दारापासून खुर्चीपर्यंत. आरशात आरसा, त्यात आरसा. माझ्यासारखी पन्नासेक माणसं चालत होती आणि एकाचाही उजवा हात हलत नव्हता. कोपरात जरासा वाकलेला, अंगाशी धरलेला. जणू कुणी त्यावर कोट टाकून दिलाय.

बावीस वर्षं मी या आरशांमध्ये उभा आहे. गिऱ्हाइकांकडे बघत.

घरी येऊन ही वही पहिल्या पानापासून काढली. जानेवारीत एका पानावर चौदा ओळी. मार्चमध्ये एकवीस. काल रात्रीच्या पानावर सत्तावीस, भिंगातून वाचाव्या अशा. पेन मी फेब्रुवारीतच बदललं होतं.

मग फणीच्या सगळ्या चुका वाचल्या. ३ फेब्रुवारी, उजवीकडे. १९ फेब्रुवारी, उजवीकडे. २४ फेब्रुवारी, हिच्याबरोबर एकही नाही. माझा चेहरा हलत नव्हता म्हणून तिनं कान पाडले होते. तीन महिने ती रोज सकाळी गच्चीवर मला एकच गोष्ट सांगत होती, आणि मी तिची नोंद चुका म्हणून केली.

तिनं एकही चूक केली नव्हती. एकही नाही. हे मी मोठ्या अक्षरात लिहायचा प्रयत्न करतोय. ओळीच्या शेवटापर्यंत अक्षर पुन्हा बारीक होतंय.

२९ एप्रिल

डॉक्टर तरुण आहेत, शांत. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपटायला सांगितलं, पटापट. डावा हात टकटकटक. उजवा चार वेळा नीट, मग लहान, मग थांबला, मग पुन्हा निघाला. मला माझी कात्री ऐकू आली. मग तीन बाटल्या हुंगायला दिल्या. मी म्हटलं, तिन्ही रिकाम्या आहेत. ही माझ्याकडे बघायला लागली. पहिलीत कॉफी होती म्हणे, दुसरीत लिंबू, तिसरीत साबण. मी रोज ज्यात हात घालतो तो साबण.

कंपवात. मी म्हटलं, पण हात कापत नाही. ते म्हणाले, सगळ्यांचा कापत नाही, काहींचा फक्त मंदावतो. मुळापासून जाणारा नाही. पण गोळ्यांनी हात सुटेल, आजार हळूहळू पुढे जातो, व्यायाम करणारे पुष्कळ वर्षं कामधंदा करतात. मग विचारलं, "इतक्या लवकर लक्षात कसं आलं? लोक दोन-दोन वर्षं खांदा दुखतोय म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे फिरतात."

ही म्हणाली, "कुत्रीला कळलं."

त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. हसले नाहीत. म्हणाले, "जरा सविस्तर सांगा." पंधरा मिनिटं ऐकलं. बाहेर रांग होती.

परतीच्या बसमध्ये ही खिडकीबाहेर बघत होती. वळून म्हणाली, "म्हणजे माझ्यावर रागावला नव्हतात तर."

"नव्हतो."

"बरं झालं," म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले.

१२ मे, सोमवार

वस्तरा बंद केला. कुणी सांगितलं नव्हतं. गोळीनं हात सुटतो, पण दोन गोळ्यांच्या मधे एक तास असा येतो की माझा माझ्या हातावर विश्वास नसतो, आणि दुसऱ्याच्या गळ्यापाशी विश्वासाशिवाय उभं राहू नये. आता फक्त कात्री. तीही सकाळचीच. मास्तरांना खरं काय ते सांगून टाकलं. म्हटलं, दुसरीकडे जायचं तर जा, वाईट वाटून घेणार नाही. ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "कान तेवढे जागेवर ठेवा."

गच्चीवर जाणं बंद आहे. फणी दाराशी बसते. मी दुसरीकडे बघतो.

२ जून, सोमवार

हिला म्हटलं, सप्टेंबरमध्ये पुढची स्पर्धा आहे, तिला तूच धाव फणीबरोबर. तुझ्याबरोबर ती चुकत नाही.

ही पुस्तकांना चिठ्ठ्या चिकटवत होती. म्हणाली, "नाही."

"का?"

"मी सांगितलं तर ती करते आणि विसरून जाते. तुमच्याकडे ती दिवसभर बघत असते. तुम्ही दात घासता तेव्हासुद्धा. ते मला कुठून येणार?" मग एक चिठ्ठी वाकडी लागली ती काढत म्हणाली, "आणि डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय तो तुम्हाला. मला नाही."

९ जून, सोमवार

गेलो गच्चीवर. ठरवलं होतं की सगळं डाव्या हातानंच शिकवायचं. उजवीकडची वळणंसुद्धा डावा हात अंगावरून आडवा नेऊन दाखवायची. त्याआधी तिला मोकळं धावू द्यावं म्हणून सहज दोन फेऱ्या मारल्या. गोळीची वेळ टळून गेली होती, हात लाकडासारखा.

ती उजव्या हाताला होती. वळण आलं. मी हात उचललाच नाही, उचलणार तरी कसा. ती वळली. उजवीकडे. दांड्यावरून.

योगायोग म्हटला. परत केलं. वळली. सात वेळा केलं, सात वेळा वळली.

मी तिला काहीही शिकवलेलं नाही. दोन महिने आम्ही गच्चीवर पाऊल ठेवलेलं नाही. मग हे कुठून?

१० जून

काल हिला सांगितलं. ही ग्रंथालयवाली, प्रत्येक गोष्टीचं मूळ शोधल्याशिवाय तिला चैन नाही. आज ग्रंथालयातून आल्यावर शोध लावायचा म्हणून गच्चीवर आली.

आधी माझा उजवा हात टॉवेलनं अंगाला बांधला. फणी बरोबर वळली. मग मला काळा चष्मा लावला. बरोबर वळली. मग म्हणाली, "थांबा," आणि खालून चादर आणून माझ्या कमरेपासून घोट्यापर्यंत गुंडाळली. त्या अवतारात मी तुरुतुरु पळालो. शेजारच्या गच्चीवरच्या बाई कपडे वाळत घालायच्या थांबल्या. फणी गोंधळली, सरळ गेली. चादर काढली, वळली. पुन्हा गुंडाळली, सरळ.

"गुडघा," ही म्हणाली. "ती आता गुडघा बघते."

म्हणजे असं. माझा खांदा मुका झाला हे तिला माझ्याआधी कळलं. मग मी घरात वावरत असताना, जिना चढताना, खुर्चीतून उठताना, दात घासताना, ती माझ्याकडे बघत राहिली आणि माझ्या अंगावर दुसरी कुठली जागा बोलते ते तिनं शोधून काढलं. मी आजारी पडलो म्हणून रुसून बसलो होतो ते दोन महिने. ती काम करत होती.

चादरीत पाय अडकलेला मी गालिच्यावर बसलो. ही शेजारी बसली. दोघंही फणीकडे बघत होतो. ती आपला पंजा चाटत होती.

"घाबरायला होतं थोडं," ही म्हणाली.

मला होत नव्हतं. पण ती काय म्हणतेय ते कळलं.

२१ जुलै, सोमवार

गोळी अंगात असली की मी वेगळा माणूस असतो, उतरली की वेगळा. मला वाटलं, फणीचा गोंधळ होईल. होत नाही. सकाळी ती दूर धावते, माझा हात बघते. दुपारी जवळून धावते, गुडघा बघते. कुठला मी आहे हे ती पहिल्या तीन पावलांत ठरवते. मला स्वतःला ठरवायला चहा संपेपर्यंत वेळ लागतो.

रोज एक पान मोठ्या अक्षरात काढायचा व्यायाम दिलाय. हे त्यातलंच. सोळा ओळी.

१४ सप्टेंबर, रविवार

स्पर्धा झाली. बाहेर ऊन आहे, मास्तर आणि ही चहा घेतायत, मी गाडीत बसून लिहितोय, कारण नंतर आठवण सुधारून लिहिली जाते.

पाळी अकरा वाजता होती, लागली पाऊणला. गोळी उतरत आली होती. हिनं विचारलं, "दुसरी घेता?" इतक्यात घेता येत नाही. म्हटलं, जे आहे त्यावर धावू.

पहिले दहा बरोबर. माझी पावलं लहान पडत होती, ती माझ्या अंतरानं धावत होती. अकरावा लांब बोगदा, इंग्रजी यू सारखा वळलेला. आत गेली की तिला मी दिसत नाही. ती बाहेर पडेपर्यंत मी पलीकडे पोचून उजवीकडचा दांडा दाखवायचा. बाकी सगळे सहज पोचत होते.

मी पोचलो नाही. मधेच माझे पाय जमिनीला चिकटले. असं आधी एकदाच झालं होतं, बँकेच्या दारात. वरचं अंग पुढे जातं आणि पाय म्हणतात नाही. मी उभा. आवाज काढायला गेलो, तोही आला नाही.

फणी बोगद्यातून बाहेर आली आणि मी तिथे नव्हतो. समोर तीन वाटा. डावीकडे काठ्या, समोर झुलती फळी, उजवीकडे दांडा. बरोबर एकच. ती थांबली. मागे वळली. मला शोधलं. आणि बघितलं.

मग उजवीकडे वळली आणि दांड्यावरून गेली.

ती गेली तसे माझे पाय सुटले. कसे ते मला विचारू नये. काठ्या, फळी, शेवटचा दांडा. तिनं फळी पूर्ण खाली येईपर्यंत वाट पाहिली. मी पोचेपर्यंत शेवटच्या रेषेवर ती उभी होती.

चौदातून नववे आलो. चूक शून्य, वेळ जास्त. पंच बाईंनी कागद दिला, फणीपुढे उकिडव्या बसल्या, आणि कितीतरी वेळ तिला नुसतं बघत राहिल्या.

१६ सप्टेंबर

हिनं सगळी धाव फोनवर काढून ठेवली होती. काल दिवसभरात मी ती किती वेळा बघितली ते सांगत नाही.

बोगद्यातून बाहेर आल्यावर फणी तीन सेकंद माझ्याकडे बघते. त्या तीन सेकंदांत मी काय करतोय हे मला बघायचं होतं. चित्र मोठं करून बघितलं. थांबवून थांबवून बघितलं. एक माणूस उभा आहे. दोन्ही हात खाली. खांदा हललेला नाही. गुडघा हललेला नाही. तोंड लाकडाचं. मी मैदानाच्या मधोमध उभा असलेला एक खांब आहे. माझ्यावर काहीही लिहिलेलं नाही.

मला आठवतं ते एवढंच की मी मनात म्हणत होतो, उजवीकडे, बाई, उजवीकडे.

आज सकाळी मास्तर केस कापायला आले. गळ्याला कापड बांधलं. त्यांच्या हातात फोन दिला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं, मग ते तीन सेकंद पुन्हा.

"यात तुम्ही काय केलंत?"

"काही नाही."

"काहीतरी केलं असेल."

"तुम्हीच बघा."

त्यांनी परत बघितलं. पायरीवर फणी उन्हात आडवी पडली होती. मास्तरांनी फोन मांडीवर ठेवला, आरशातून आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

"मग तिला कळलं कसं?"

मी कात्री उचलली. म्हटलं, "मान सरळ ठेवा, मास्तर."